एकच चॅनल

१

"माझी लेक शिव्या खायच्या नोकरीला आहे," असं आई शेजारच्या काकूंना सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. घरोघरी इंटरनेट आणि टीव्ही पुरवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात मी बसत होते. लांबलचक हॉल, खिडक्यांवर कायम ओढलेले पडदे, आणि पुठ्ठ्याएवढ्या पातळ आडोशांमध्ये खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे आम्ही. हेडफोन कानाला लावला की पलीकडचा माणूस आधीच तापलेला असायचा, कारण माझ्यापर्यंत पोचायला त्याला आमचं ते मेलं संगीत ऐकत ताटकळावं लागलेलं असायचं. नेट चालत नाही. टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात. तुमचा माणूस येतो म्हणाला आणि आला नाही; आला तेव्हा बूट घालून गादीवर चढला. यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात एकच बटण होतं, रिफ्रेशचं. ते दाबलं की ग्राहकाच्या टीव्हीची पेटी क्षणभर बंद पडून पुन्हा चालू व्हायची. बहुतेक दुखणी तेवढ्यानं बरी होत.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी एक फोन आला. आवाज प्रौढ, शिकलेला आणि थंड होता. ओरडणाऱ्या माणसाला मी भीत नाही. ओरडणारा कधी ना कधी दमतो. हा दमणाऱ्यातला वाटला नाही.

"एकच चॅनल लागतंय," तो म्हणाला. "कुठलंही बटण दाबा, तेच."

"कुठलं चॅनल दिसतंय, सर?"

"नाव येत नाही. एक बाई बसलीय. म्हातारी. विणतेय."

"एखादी मालिका असेल, सर."

"मालिकेत काहीतरी घडतं. ही सकाळपासून विणतेय. तुम्ही लोकांना मूर्ख समजता का?"

आम्हाला पढवलेली दिलगिरी मी म्हणून टाकली आणि बटण दाबलं.

"काळोख झाला," तो म्हणाला. थोडा वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू आला. "आलं. तीच बाई. आता डोळे चोळतेय."

"मी आमचा माणूस पाठवू का, सर?"

"नको. परकी माणसं घरात आलेली आम्हाला चालत नाहीत," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सुट्टीत मी हा किस्सा सगळ्यांना सांगितला. आम्ही पोट धरून हसलो. असे नमुने रोज भेटतात. त्यांच्यावरच आमची करमणूक चालायची.

२

घरी आम्ही दोघीच. आई आणि मी. आईचा गुडघा कामातून गेल्यापासून तिचा मुक्काम बाहेरच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत. खुर्चीचा एक हात निखळलेला, तो तिनं सुतळीनं करकचून बांधला होता. दुखरा पाय पालथ्या घातलेल्या निळ्या बादलीवर. मी चांगलं स्टूल आणून दिलं तर म्हणाली, "बादलीला माझ्या पायाचा अंदाज आहे." जुने स्वेटर उसवायचे आणि त्याच लोकरीचं नवं काहीतरी विणायचं, हा तिचा दिवसभराचा उद्योग. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, खाली कंपनीनं कर्मचाऱ्यांना फुकट दिलेली पेटी. आई टीव्ही लावायची नाही. "तुझ्या कंपनीचं तोंड बघायला मला वेळ नाही," म्हणायची.

त्या संध्याकाळी मी चप्पल काढत होते, तेव्हा ती म्हणाली, "दुपारी माझ्या डोळ्यांपुढे एकदम अंधार आला. बटण बंद करावं तसा. मग आपोआप गेला."

"जेवली नसशील वेळेवर."

"जेवायच्या आधीच आला. म्हणजे तुझा जेवणाचा सिद्धांत बाद."

मी तिला पाणी दिलं. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. खरं सांगायचं तर आलं, आणि मी ते झटकलं. म्हाताऱ्या बायका जगभर विणतात, आणि म्हाताऱ्या बायकांना चक्करही येते.

३

कुणाचा फोन कुणाला लागेल ते यंत्र ठरवतं. ग्राहकाला माणूस निवडता येत नाही. तरी त्याचा दुसरा फोन मलाच लागला.

"तुम्हीच ना त्या," तो म्हणाला. "तेच चालू आहे. आज लोकर तेवढी बदललीय. केशरी."

सकाळी निघताना मी आईला कपाटावरचा केशरी स्वेटर काढून दिला होता. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"आणखी काय दिसतं, सर?"

"दिसायला काय आहे? खुर्चीचा हात सुतळीनं बांधलाय. पाय बादलीवर. निळ्या. असलं दळभद्री घर दाखवायला तुम्ही कनेक्शन देता? आणि तिचा हात मघापासून अडकत अडकत चाललाय. चित्र अडकतंय की ती बाईच तशी आहे?"

घरी फोन करून बघावं, तर सोय नव्हती. मोबाईल आम्हाला हॉलमध्ये नेऊ देत नाहीत, तो बाहेर कप्प्यात कुलूपबंद होता. मी स्वतःला समजावत होते की निळ्या बादल्या बाजारात ढिगानं मिळतात.

"मागच्यासारखं करा," तो म्हणाला. "ते काळं करून परत आणता ना, तसं. त्यानंतर ती जरा हलली होती."

"सर, ते आज होणार नाही."

"का?"

"सिस्टीम बंद आहे."

"खोटं बोलताय."

आमचा टीमलीडर मागून फेऱ्या मारत कुणाचेही फोन मध्येच ऐकायचा. चांगला माणूस, पण वरच्यांच्या धाकानं सतत घामेजलेला. तो माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि हातानं खूण करू लागला, दाब, दाब. मी मान हलवली. त्यानं कपाळावर हात मारला, माझ्यावरून वाकला आणि स्वतःच बटण दाबलं.

मला हेडफोनमध्ये आधी काहीच ऐकू आलं नाही. मग लांबून, कुणाच्या तरी घरातल्या टीव्हीतून यावा तसा, बादली घरंगळल्याचा आवाज आला. त्यामागोमाग "आई गं" असा शब्द. तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे.

आणि मग हसू. एका माणसाचं नव्हे. खोली भरून माणसं बसावीत आणि सगळ्यांना एकदम हसू फुटावं, तसं. कुणीतरी "शू, शू, ती उठतेय" म्हणालं.

"आता बरं चाललंय," तो म्हणाला. "आभारी आहे."

४

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पळाले. दार शेजारच्या काकूंनी उघडलं. आई पलंगावर होती, मनगट सुजलेलं.

"पाणी प्यायला उठले होते गं," ती म्हणाली. "उभी राहिले आणि सगळं काळं. बादलीला पाय अडकला."

काकू म्हणाल्या, "मी आवाज ऐकून धावले. बरं झालं, कडी लावली नव्हती."

मी टीव्हीखालची पेटी उपटली. वायरी ओढून काढल्या. टीव्ही भिंतीवरून उतरवला, दोन्ही वस्तू चादरीत गुंडाळून काकूंच्या घरी ठेवून आले. भिंतीवर टीव्हीएवढा चौकोन उरला, बाकीच्या रंगापेक्षा गडद.

"हे काय नवीन?" आईनं विचारलं.

"त्याच्यानं तुला चक्कर येते."

"तुझ्या कंपनीचं काही धड चालत नाही हे मला माहीत आहे. म्हणून माझं म्हातारपणही तिच्याच खात्यावर टाकायचं का?"

मी तिच्या मनगटाला फडकं बांधायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी टीमलीडरच्या मागे लागून त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. आम्ही दोघांनी एकेक बाजूचा हेडफोन लावला. त्याचं बोलणं होतं, माझं होतं. बटण दाबल्यानंतर शांतता होती, आणि मग "आता बरं चाललंय." बादली नाही. आई नाही. हसणारी माणसं नाहीत.

"तू दमलीयस," टीमलीडर म्हणाला. "सगळ्यांचं होतं असं. घरी गेल्यावरही कानात फोन वाजतात."

मी मान डोलावली. डॉक्टरांनीही आईचा रक्तदाब जरा खाली सांगितला होता. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. त्या पटवून घेत मी काही दिवस काढले, आणि बऱ्यापैकी झोपलेही.

५

"हे छान केलंत," तो म्हणाला.

मी त्याचा आवाज ओळखला. "काय, सर?"

"आता जवळून दिसतं. आधी मध्ये काहीतरी असल्यासारखं वाटायचं, ते गेलं. तिच्या हनुवटीवरचा केससुद्धा दिसतो."

मी डोळे मिटले. पेटी काकूंच्या पलंगाखाली, चादरीत होती.

"पण याचा उपयोग काय?" त्याचा स्वर पुन्हा मूळपदावर आला. "दिसतं चांगलं, पण दाखवायला तुमच्याकडे आहेच काय? एक म्हातारी. घरातले सगळे कंटाळलेत. आम्ही ठरवलंय, कनेक्शन बंद करायचं. करून टाका."

बंद करायचं हे ऐकून एरवी मला हायसं वाटलं असतं. मी विचारलं, "बंद केल्यावर... ती बाई?"

"ती कोण?"

"जी दिसते ती, सर. तिचं काय होतं?"

"मला काय विचारता? तुमचं चॅनल, तुम्हाला माहीत." तो खरोखरच वैतागला होता. "मागच्या खेपेला एक गृहस्थ होते. दिवसभर खोकायचे, खिडकीशी बसून. ते बंद करा म्हटलं, तर तुमच्यातल्याच एकानं दोन मिनिटांत करून दिलं. असले फाटे नाही फोडले. चांगला मुलगा होता."

माझा हात दगडाखाली सापडला होता आणि दगड कुणाच्या हातात आहे तेही दिसत नव्हतं.

"सर, एक संधी द्या," मी म्हणाले. "आमच्याकडून सेवेत कमतरता राहिली. उद्यापासून बदल दिसेल."

"काय बदल?"

"आणखी एकजण येईल."

त्यानं फोनवर हात ठेवला असावा. दबलेली कुजबुज ऐकू आली. बायका, पुरुष, एक लहान मूल. बराच वेळ ते आपसात बोलत होते.

"कोण?" त्यानं विचारलं.

"मुलगी. तिची."

"बोलतात का त्या एकमेकींशी?"

"भांडतात, सर."

पुन्हा कुजबुज, या वेळी उत्साहाची. "बघू," तो म्हणाला. "पण फसवलंत तर त्याच दिवशी बंद."

टीमलीडर लगबगीनं आला. जाणारा ग्राहक थांबवणं ही आमच्याकडे मोठी कामगिरी. "कमाल केलीस," तो म्हणाला. "हा माणूस कुणाला आवरत नाही."

"याचं कनेक्शन आधी कुणी बंद केलं होतं?"

"तुझ्या जागी बसायचा ना, तो. उंच, चष्मेवाला. बिचाऱ्याचे वडील गेले त्याच दिवशी. खिडकीत बसल्या बसल्या. त्यानंतर तो आलाच नाही, सामानसुद्धा न्यायला." तो जरा थांबला. "का गं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि नोकरी सोडत असल्याचं त्याला तिथेच सांगितलं.

६

पहिले काही दिवस सोपे गेले. आईनं आणि मी भांडायला कधीच कारण शोधलं नव्हतं. भाजीत मीठ, ओला टॉवेल, खिडकी उघडी की बंद. मी दिवसभर घरात म्हटल्यावर तीही तयारच होती.

"नोकरी सोडून माझ्या डोक्यावर बसायला आलीस?"

"तुझ्या डोक्यावर जागा आहे कुठे?"

ती हसायची, मग मी आवाज चढवायची, मग तिला राग यायचा. मी सामान हलवलं. पलंग बाहेरच्या खोलीत आणला. एकदा मुद्दाम कपबशी फोडली. ती कपबशी आईच्या आवडीची होती. तिनं तुकडे गोळा केले आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तो दिवस मी धास्तीत काढला, कारण न बोलणाऱ्या दोन बायकांकडे कोण बघत बसेल?

भिंतीवरच्या त्या गडद चौकोनाकडे मी सारखी बघायची. दुपारी पडदा ओढला की तो बाजूच्या भिंतीपेक्षा खोल वाटायचा. तिथून बारीक आवाज यायचा; आधी मला वाटलं, शेजारच्यांचा रेडिओ आहे. मग लक्षात आलं की आम्ही गप्प बसलो की तो वाढतो, आणि भांडू लागलो की थांबतो. खुर्च्या सरकल्याचा आवाज. खोकला. कागदाची पुडी उघडल्यासारखी सळसळ.

"तुला काही ऐकू येतं का गं?" मी आईला विचारलं.

"येतं की," ती टाके मोजत म्हणाली. "तू कामावर जायचीस तेव्हापासून येतं. म्हातारपणी कान वाजतात म्हणतात. मला बरंच वाटायचं. घर भरल्यासारखं."

मी एका दुपारी धीर करून चौकोनाजवळ गेले. अगदी जवळ, नाक टेकेल इतकी. उजेडातल्या खोलीतून काळोखात बघताना आधी काही दिसत नाही. मग नजर बसते. मला गुडघे दिसले. बसलेल्या माणसांचे, शेजारी शेजारी, एका रांगेत. त्यांच्यावर ठेवलेले हात. एका हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, वाट बघणाऱ्या माणसाची धरतात तशी. त्याच्या वर मी नजर नेली नाही. मागे येताना माझा धक्का लागून खुर्ची हलली आणि आई ओरडली. चौकोनाच्या आत कुणीतरी खुदकन हसलं.

संध्याकाळ व्हायच्या आत टीमलीडरचा फोन आला. तो चाचरत होता.

"तुझं काही देणंघेणं नाही, पण ते साहेब ऐकत नाहीत. तुझ्याच नावानं तक्रार केलीय. म्हणतात, तिलाच सांगा. मी आपला निरोप देतो, मला त्यातलं काही कळत नाही."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मुलगी सारखी आमच्याकडे बघते, मुलं घाबरतात. आणि..." तो वाचून दाखवत असावा. "आणि भांडणं खोटी आहेत. तेच तेच चाललंय. उद्या दुपारपर्यंत बघतील, नाहीतर बंद."

"आणि तू?"

"मी काय करणार? त्यांनी सांगितलं की मला बंद करावंच लागेल. ग्राहक आहे."

मी त्याला खूप विनवलं. तो हो हो म्हणत राहिला. त्याच्या हो म्हणण्याची किंमत मला माहीत होती. तिथे मीही तसंच हो म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईच्या समोर, भिंतीकडे पाठ करून बसले. सकाळपासून ती खुशीत होती. मनगट बरं झालं होतं, हातातलं विणकाम माझ्यासाठी होतं, केशरी, पूर्ण बाह्यांचं. तिनं ते माझ्या खांद्यांना लावून मापलं आणि म्हणाली, "वाळलीस. नोकरी होती ते बरं होतं."

माझ्या पाठीमागे खुर्च्या सरकत होत्या. कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली.

आमच्या दोघींमध्ये एक गोष्ट होती जिला आम्ही कधी हात लावला नव्हता. बाबा घर सोडून गेले त्याबद्दल घरात बोलणं व्हायचं, अगदी विनोदसुद्धा व्हायचे. पण ते एकदा परत आले होते. मी शाळेला दांडी मारून आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले होते, आणि आईला वाटत होतं की मला झोप लागलीय. ते बराच वेळ दार वाजवत होते. तिचं नाव घेऊन हाक मारत होते, मग माझं. आई दाराच्या अलीकडे उभी होती. मला फटीतून तिची पाठ दिसत होती. त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत. मी हे तिला कधीच विचारणार नव्हते. ती मरेपर्यंत नाही, असं मी ठरवलं होतं.

मागे कुणीतरी उठून उभं राहिलं. त्यामागोमाग दुसरं.

"आई," मी म्हणाले.

"बोल की."

"बाबा परत आले होते, तेव्हा तू दार का उघडलं नाहीस?"

तिच्या सुया थांबल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं, म्हातारपणसुद्धा, एका क्षणात उतरून गेलं. खाली उरला तो चेहरा मी आजवर पाहिला नव्हता.

"ते माझंही नाव घेत होते," मी म्हणाले. "मी जागी होते, आई. सगळं ऐकलं मी. सांग ना."

भिंतीकडची कुजबुज थांबली. उभे राहिलेले खाली बसले, मला ते ऐकू आलं. मग कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे नीट ऐकू लागले होते.